काडेपेटी

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दिवसाला किती?
चार, म्हणाली हिल्का.
मी खिडकीबाहेर बघत राहिले.
कुओपिओच्या इस्पितळाच्या आवारात बर्फ उपसायचं यंत्र
एकच ढीग इकडून तिकडे नेत होतं.
चार म्हणजे न्याहारीच्या आधीच्या,
हे मी बोलले नाही.

कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात.
हिल्काला जग होतं तसंच दिसायचं.
फक्त पापण्यांच्या कडेला दोन ठिपके,
लोण्याचे कण चिकटून राहावेत तसे.
मी एकदा बोटाने पुसायला गेले.
गेले नाहीत.

मग रात्री आल्या. तळहात, तळपाय.
रक्त येईस्तोवर खाजवलं तरी हाती न लागणारी खाज,
कातडीच्या खाली कुठेतरी बसलेली.
केसांचा ब्रश झाला, मासे खवलायची सुरी उलटी धरून झाली.
एका पहाटे ती दाराच्या चौकटीला पाठ घासताना सापडली,
गोठ्यातल्या गायीसारखी.
दोघी हसलो.
मग हसणं थांबलं. घासणं थांबलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर झाड काढलं.
यकृतातल्या नळ्या, केसाहून बारीक,
आणि त्यांच्यावर शरीराचीच फौज चालून गेलेली,
घरच्यांनीच घरचे नळ ठेचावेत तशी.
का, ते नीट ठाऊक नाही.
सिगारेटमुळे?
पेन्सिल थांबली.
ओढणाऱ्यांत जास्त दिसतो, म्हणाल्या,
आणि ओढत राहिलं तर यकृत लवकर निबर होतं.
मुळे, असं नाही म्हणता येत.
शक्यता म्हणा.

शक्यता.
परतीचे सव्वाशे किलोमीटर
तो शब्द गाडीच्या मागच्या सीटवर बसून होता,
पट्टा न लावता.

कारण पहिली मी दिली होती.
माशांना धुरी द्यायच्या खोपटामागे.
ती अकरा, मी चौदा.
जूनची न मावळणारी रात्र, तळ्यावर डासांचे ढग.
ओढ, मी म्हटलं, डास पळतात.
आणि ते खरंच पळाले.
तिचा खोकला पलीकडच्या काठाला लागून परत आला.
मी चाळिशीत सोडली.
मला काही झालं नाही.
हे वाक्य मी कुणापुढे म्हणत नाही.

औषधाच्या नावात अस्वल आहे, लॅटिनमधलं.
हिल्काला ते फार आवडलं. गोळी घेताना गुरगुरते.
बापाचं पित्त खवळायचं तेव्हा
आख्खं घर तळ्यावर पळायचं.
हिचं खवळत नाही, तुंबतं.
तिच्यासारखंच. कधी कुणावर ओरडली नाही.

तिने सोडलं ते भलतंच. शनिवारचा सॉना.
उष्णतेने खाज पेटते.
ज्या फळीवर आईने तिला जन्म दिला
तिच्यावर आता मी एकटी बसते, टॉवेल दोन घेऊन जाते सवयीने.
सिगारेट मात्र ती सोडतेच आहे.
ईस्टरपासून. मग बटाटे काढून झाल्यापासून.
मग बर्फ धरल्यापासून.

बर्फात पाडलेल्या भोकात तेवढी उतरते.
काळं पाणी, गळ्यापर्यंत.
चेहरा सैल होतो, जणू कुणीतरी
खूप वेळ वाजणारा फोन एकदाचा उचलला.
वर येते, लाल, वाफाळत,
झगा गुंडाळते, सिगारेट काढते,
दोन बोटं पुढे करते.
काडी आहे?

काडेपेटी माझ्या कोटाच्या खिशात.
हलले असते तर वाजली असती.
नाही, म्हटलं. हलले नाही.
ती सॉनाच्या धुराड्याकडे बघते. सरळ वर जाणारा धूर.
मग चूल कुणी पेटवली?
अस्वलाने, मी म्हटलं.

ती हसली की थंडीने दात वाजले, कळलं नाही.
दोन बोटं अजून
तशीच पुढे होती.